शाळेबाहेर गायलेलं लग्न

मी मूळचा घाटावरचा. आमच्याकडे पाऊस कमी, पाणी कमी आणि बोलणंही कमी. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलो आणि साठच्या दशकात नोकरी लागली ती तारापूरच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेत. बोईसर स्टेशनवर उतरायचं, एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर कुणाच्या बैलगाडीतून जायचं आणि शेवटचा मैलभर पायी. पहिले सहा महिने मला मुलांची भाषा नीट कळत नव्हती आणि मुलांना माझी. ती मला हसायची आणि मीही मनातल्या मनात त्यांना हसायचो.

गाण्याचं म्हणाल तर ते माझ्या वाट्याला आलंच नव्हतं. ट्रेनिंग कॉलेजात सकाळच्या प्रार्थनेला आमच्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तू नुसते ओठ हलवत जा. ते काही रागाने म्हणाले नव्हते. माझ्यामुळे बाकीच्यांचा सूर जातो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून मी ओठच हलवत आलो होतो.

गावात लग्नसराई सुरू झाली की मला त्रास व्हायचा. या भागातल्या लग्नात एक बाई लागते. भटजी असो नसो, ती हवीच. मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीची वेगळी गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ती गाणाऱ्या बाईला धवलारीण. ती एक ओळ म्हणते आणि मागे बसलेल्या दोघी-तिघी तीच ओळ उचलून धरतात. चाल जवळजवळ एकच, संथ, लांबवत नेलेली. तासन्‌तास चालते. मी खोलीत वह्या तपासत बसलेलो असायचो आणि मला वाटायचं, ही ओळ मघाशीच झाली की.

आमच्या गावची धवलारीण पन्नाशीची होती. विधवा, हाडकुळी. सुके बोंबील घेऊन ती बोईसरला आणि मनोरच्या बाजाराला जायची. तिच्या चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बोटभर जागा सुटलेली नव्हती. बोलायला लागली की आवाज घोगरा यायचा, पण गायला लागली की तो घोगरेपणा कुठे जायचा कळत नसे. गाव तिला काकी म्हणायचं, म्हणून मीही काकीच म्हणायचो.

त्या वर्षी शिमगा झाला आणि माझ्या खोलीच्या मागच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. जाळी विणायला बसली की तिचे हात दिसत नसत, इतके भराभर चालायचे. नवरा खाडीपलीकडच्या गावचा, स्वतःच्या काकाच्या होडीवर जाणारा. एका सकाळी मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, रोवली. काकीने मेढीला हळदकुंकू लावून पहिला धवला म्हटला. मला आमंत्रण होतं म्हणून मीही पाच मिनिटं उभा राहिलो आणि शाळेत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मुलीला ताप आला. तीन दिवसांनी अंगावर पुरळ उठलं, आणि मग ते फोड झाले. तोवर गावात आणखी दोन घरांत असाच ताप होता. देवी आल्या होत्या.

पालघरहून आरोग्य खात्याचे एक गृहस्थ सायकलला पेटी बांधून आले. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत, पण ते डॉक्टर नव्हते, लस टोचण्याचं काम करत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी शाळा मागितली. गावाच्या कडेला, सुरूच्या झाडांजवळ, दोन खोल्यांची कौलारू इमारत. दोन खोल्यांमध्ये जी भिंत होती ती कौलांपर्यंत गेलेली नव्हती, पुरुषभर उंचीवरच थांबलेली होती, त्यामुळे चौथीला पाढे म्हणायला लावले की पहिली तिकडे आपोआप पाढे शिकायची. एका खोलीत बाया, दुसऱ्या खोलीत पुरुष, अशी सोय झाली. शाळेभोवती कुंपणाला सुंभ बांधला आणि त्याच्या आत कुणी यायचं नाही असं ठरलं. आत राहून रोग्यांचं करायला एक आत्याबाई तयार झाल्या. त्या नवऱ्या मुलीच्याच आत्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या.

मी देवीडॉक्टरांबरोबर घरोघर फिरलो. कुणाला लस टोचली, कुणाची राहिली, ते लिहून घेणं माझ्याकडे होतं. पुष्कळ घरांनी दार लावून घेतलं. लस टोचली तर देवीचा कोप होईल अशी भीती होती. मुलं माझ्या ओळखीची, म्हणून मी दाराबाहेर उभा राहून त्यांना हाका मारायचो. मला स्वतःला पाळण्यात असताना कधीतरी लस टोचलेली होती, तेवढ्यावर मी निर्धास्त होतो. फिरायला लागून पंधरा दिवस व्हायच्या आत माझी पाठ फुटायला लागली, डोकं उठलं. अंगावर फोड आले ते थोडेच आले, पण आले. आणि मी माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात, गोणपाटावर जाऊन पडलो. समोर फळ्यावर माझ्या अक्षरात अपूर्णांकांची दोन उदाहरणं लिहिलेली होती. ती पुसायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुरुषांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. एक म्हातारे होते, होड्यांच्या फळ्या बसवणारे, सगळं गाव त्यांना आजोबा म्हणे. दुसरा एक परप्रांतीय मजूर. तारापूरजवळ विजेच्या कारखान्याचं मोठं काम निघालं होतं, तिथे खडी टाकायला आलेला. त्याच्या छावणीत त्याला कुणी ठेवून घेतलं नाही, म्हणून देवीडॉक्टरांनी बैलगाडीत घालून इकडे आणला होता. त्याला मराठी येत नव्हती आणि मला हिंदी पुस्तकातली येत होती. पलीकडच्या खोलीत ती नवरी मुलगी, आणखी दोन बाया आणि आत्याबाई.

फोडांची आग आणि खाज मी सोसली असती. सोसवत नव्हती ती शांतता. घरात देवी असताना मोठ्याने बोलायचं नाही, फोडणी घालायची नाही, वाद्य वाजवायचं नाही, असं गाव मानायचं. त्यात भीती. गावातली लग्नं थांबली, मांडव उभे ते उभेच राहिले. सकाळी होड्या जायच्या त्या आरोळी न देता जायच्या. शाळेवरून जाणारी वाट लोकांनी सोडून दिली. जेवण कुंपणापाशी ठेवून माणूस मागे वळायचा, त्याच्या पावलांचा आवाजही वाळूत जिरून जायचा. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता छताकडे बघत पडायचो. भिंतीपलीकडे आत्याबाईंचा आवाज यायचा, "दोन घोट पेज घे गं बाय." मुलीचं उत्तर यायचं नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. आत्याबाईंनी एकदा दारातून मला सांगितलं, की ती खायची थांबली आहे, म्हणते मला आता उठून काय करायचं.

मी आत गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी बाहेर बोलणं ऐकू आलं. काकी आली होती. देवीडॉक्टर तिला परत पाठवत होते. नियम सगळ्यांना सारखा, ते म्हणाले. ती म्हणाली, आत यायचं नाहीच आहे, बाहेरच बसते. त्यांनी विचारलं, कशाला?

ती म्हणाली, "मेढ रवली तवा मी पयला धवला म्हनला हाय, साहेब. लगीन सुरू झालं. सुरू झालेलं लगीन अर्ध्यावर नाय टाकता येत."

तिच्याबरोबर गावातले दोघं-चौघं जाणते आले होते, तिला अडवायला. देवीच्या दिवसांत लग्नाची गाणी म्हणजे अपशकुन, असं त्यांचं म्हणणं. गावावर आणखी काही आलं तर जबाबदार कोण, असं एकाने विचारलं. मी खिडकीशी सरकून बसलो. काकी कुणावर चिडली नाही. ती म्हणाली, देवी पण बाईच आहे, तिलाही लग्नाचं गाणं गोड लागत असेल. आणि मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या तोंडावर ती बसून गेली हाय. तिचं न माझं काय असंल ते आमी बघू. तुमी घरी जावा."

जाणते एकेक करून मागे वळले. देवीडॉक्टर दमलेले होते, कितीतरी गावं सायकलवर फिरत होते. सुंभापासून दहा पावलं लांब बसायचं, एवढं सांगून ते निघून गेले.

काकी सुरूच्या सावलीत बसली आणि तिने धवला लावला. मांडवाच्या पहिल्या गाण्याच्या पुढचा, मांडवावर घालायला झाडांच्या डहाळ्या मागायला जातात तो. मला तेव्हा शब्द सगळे लागले नाहीत. पण एक गोष्ट लगेच लक्षात आली. ती ओळ म्हणायची आणि थांबायची. तिच्यामागे नेहमी बसणाऱ्या दोघी बाया आल्या नव्हत्या. त्यांच्या घरांत लहान मुलं होती, त्या घाबरल्या होत्या. तरी काकी त्यांची जागा सोडत होती. ओळ म्हणायची, मागच्यांनी म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढी गप्प बसायची, मग पुढची ओळ घ्यायची. त्या मोकळ्या जागेत नुसता समुद्र ऐकू यायचा.

हीच चाल मला आधी कंटाळवाणी वाटत होती. आता तापात पडल्या पडल्या कळलं, की ती तशी का आहे. वर-खाली होणारं, चमकणारं गाणं मला तेव्हा पेलवलं नसतं. ही चाल एका जागी स्थिर होती. तिला धरून पडून राहता येत होतं. पुढची ओळ कुठे जाणार ते ठाऊक असायचं, आणि ती तिथेच जायची. त्या दिवशी दुपारी मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

काकी रोज यायची. सकाळी बाजाराचं काम नसेल तर सकाळी, नाहीतर दुपार उतरल्यावर. गायच्या आधी मोठ्याने सांगायची, आज काय आहे ते. आज मांडव शाकारायचा. आज जात्याला हळकुंड बांधायचं. आज पाणी भरायला विहिरीवर जायचं. एरवी दीड-दोन दिवसांत होणारं लग्न ती चिमटीचिमटीने सोडत होती.

तिसऱ्या दिवशी ती ओळ म्हणून थांबली, आणि भिंतीपलीकडून आत्याबाईंनी ती ओळ उचलली. हातातलं काम न सोडता, सहज. बाहेर काकी एक क्षण अडखळली असावी, कारण पुढची ओळ यायला जरा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंबरोबर त्या खोलीतली आणखी एक बाई होती. त्याच्या पुढच्या दिवशी माझ्या शेजारचा मजूर घशातल्या घशात गुणगुणायला लागला. त्याला शब्द अजिबात कळत नव्हते. ओळीचं शेवटचं अक्षर तेवढं तो पकडायचा आणि लांबवायचा. आजोबा गोणपाटावर बोटांनी ताल धरायचे.

मी गप्प होतो. मला माझं ठाऊक होतं. मजुराने माझ्याकडे बघून विचारलं, "मास्टरजी, आप क्यों नहीं?" मी सांगितलं, की मला गाता येत नाही, माझ्याने बाकीच्यांचं बिघडेल. तो फोडांनी भरलेल्या तोंडाने हसला आणि म्हणाला, "यहाँ और क्या बिगड़ेगा?"

मी गायलो. बेसूरच गायलो असणार. पण चार जणांच्या आवाजाखाली माझा आवाज कुठेतरी जाऊन बसला, आणि कुणी मला थांबवलं नाही. त्या क्षणाबद्दल आजही बोलायला गेलो की शब्द मोठे होतात, म्हणून एवढंच सांगतो, की आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला मी एकटा आहे असं वाटलं नाही.

मुलगी मात्र अजून बोलत नव्हती. आत्याबाई म्हणायच्या, ऐकते. गाणं सुरू झालं की डोळे उघडे असतात. पेज दोन घोट जाते.

मग एका पहाटे आजोबा गेले. ते आधीपासूनच फार अशक्त होते. माझं नि मजुराचं लक्ष गेलं तेव्हा ते शांत पडलेले होते, उजवा हात गोणपाटावर पसरलेला. लस टोचलेली चार माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. काकी नेहमीच्या वेळेला आली, तिला रस्त्यातच कळलं होतं. ती सुरूखाली बसली, पण गायली नाही. मरण झालेल्या दिवशी लग्नाचं गाणं कसं म्हणायचं? तिलाही ते जमेना. शेवटी ती जायला उठली.

तेव्हा भिंतीपलीकडून मुलीचा आवाज आला. इतक्या दिवसांत मी तो पहिल्यांदा ऐकला. बारीक, तुटक. ती म्हणाली, "काकी, उठून जाव नको. आजोबा रोज ऐकत व्हते. आज नाय म्हनलंस तर उद्या मीपन नाय ऐकायची."

काकीने पदराने तोंड पुसलं, आजोबांना पोचवून माणसं परत येईपर्यंत थांबली, आणि मग धवला लावला. मागची ओळ धरणाऱ्यांत त्या दिवशी मुलीचा आवाज होता. दुसऱ्या दिवशी तिने पेजेची वाटी संपवली, असं आत्याबाईंनी भिंतीवरून मला सांगितलं, जणू मी परीक्षेचा निकाल लावणारा माणूस होतो.

हळदीच्या गाण्यांपर्यंत आम्ही पोचलो तेव्हा नवरा मुलगा आला. खाडी ओलांडून, एकटा. त्याच्या घरी हे लग्न मोडायचं चाललं होतं, ते आम्हांला कळलेलं होतं. त्याच्या आईचं म्हणणं होतं की मुलगी वाचली तरी तिचं तोंड कसं असेल कोण जाणे, आणि मांडवातच देवी आली म्हणजे देवीलाच हे लग्न नको आहे. तो काकीच्या मागे येऊन बसला. गाणं झाल्यावर काकीने त्याला विचारलं, काही सांगायचं आहे का. तो उठून सुंभापर्यंत आला आणि बायांच्या खोलीच्या खिडकीकडे बघून म्हणाला, "मी हाय." एवढंच. आणि वळून चालायला लागला. तो गेल्यावर मुलगी रडली. त्याआधी ती रडलीही नव्हती.

यापुढे काकी अडली. हळदीनंतर येते ती लग्नाची गाठ. ती म्हणाली, गाठीचा धवला मी कुंपणाबाहेरून म्हणायची नाही, तो नवरा-नवरी समोरासमोर उभी असतील तेव्हाच. मग खपल्या पडेपर्यंत काय करायचं? तिने हळदच चालू ठेवली. जुन्यांतली जेवढी हळदीची गाणी तिला येत होती तेवढी संपली, मग ती रचायला लागली. त्यांत शाळा आली, सुंभ आला, सायकलवरचे साहेब आले, लांबच्या देशाहून आलेला पाहुणा आला आणि घाटावरून आलेला एक मास्तर आला. सात दिवस हळदच. मजूर मला म्हणाला, "मास्टरजी, इतनी हल्दी में तो पूरा गाँव पीला हो जाएगा." मला हसू आलं आणि हसल्यामुळे ओठांवरच्या खपल्या तडकल्या. तरी मी हसतच राहिलो.

गावातही काहीतरी हललं होतं. वाट सोडून जाणारी माणसं आता लांबून का होईना, थांबून ऐकायला लागली. गाणं चालू असताना आपण बोलतो, रांधतो, तरी काही वाईट होत नाही, हे त्यांनी पाहिलं. देवीडॉक्टर मला म्हणाले, की ज्या दारांवरून आपण परत आलो होतो त्यांतली पाच-सहा दारं उघडली, त्यांनी हात पुढे केले. ते गाण्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा त्या घरांत जाऊन विनवण्या केल्या होत्या. पण माणसांची भीती थोडी सैल झाली होती, हे खरं.

आधी मी बाहेर पडलो, मग पलीकडच्या दोघी बाया आणि मजूर. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली, जुने कपडे जाळले. मजूर जाताना काकीच्या पाया पडला आणि तिने त्याला ओळीचे शब्द नीट म्हणून दाखवले, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाहीस, म्हणाली. मुलीला फोड सगळ्यांत जास्त आले होते, खपल्या पडायला वेळ लागला, म्हणून ती शेवटी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर व्रण राहिले होते, डोळे मात्र दोन्ही शाबूत होते. ती पदर पुढे ओढून घरी गेली.

लग्न मात्र अजून अडलेलंच होतं. काकी एका सकाळी होडीतून खाडीपलीकडे नवऱ्याच्या आईकडे गेली. आत्याबाई बरोबर होत्या, त्यांनी हे मला सांगितलं. काकी ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "माझ्या तोंडाकडं बघा. ह्या तोंडानं मी वीस वर्सं संसार केला, दोन लेकी नांदवल्या. तुमच्या न तुमच्या सुनेच्या मदे तोंड कदी आडवं येनार नाय. हळद मी गाऊन ठेवली हाय. आता ती तुमची हाय, ठेवा नाय तर टाका." आईने विचारलं, की मुलीला जाळं विणता येतं असं ऐकलं होतं, हात धड आहेत ना? हात धड होते.

वैशाखात लग्न झालं. बँड नाही, मोठं जेवण नाही. काकीच्या मागे बसणाऱ्या त्या दोघी बाया मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, पुढे यायला लाजत होत्या. काकीने त्यांना हाताने जवळ बोलावलं, आपल्या डाव्या बाजूला बसवलं आणि त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही. त्यांचा राग मलाही कधी आला नाही. लहान मुलं असलेल्या आईने घाबरायचं नाही तर कुणी? उजव्या बाजूला तिने आत्याबाईंना बसवलं, आणि मग मांडवात नजर फिरवून आम्हां दोघांना बोलावलं. मजूर छावणीतून दोन तास चालत आला होता, धुतलेला सदरा घालून. लोकांना आश्चर्य वाटलं. धवल्याला पुरुष बसत नाहीत. काकी म्हणाली, "ही माझी मानसं हायत. ह्यांनी आर्दं लगीन म्हनलं हाय, आता पुरं करू दे त्यांना."

गाठीचा धवला मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. अंतरपाट धरलेला होता. मी ओळ धरायचो आणि अंतरपाटाच्या खाली दिसणाऱ्या, व्रण पडलेल्या त्या दोन हातांकडे बघायचो. त्यांनी माळ घट्ट धरली होती.

पुढे आठवडाभराने मी काकीच्या घरी गेलो. ती अंगणात वाळलेले बोंबील काढून टोपलीत भरत होती. मला तिचे आभार मानायचे होते आणि कसे मानायचे ते सुचत नव्हतं. मी विचारलं, तुम्हांला एवढं सगळं करायचं कसं सुचलं. तिने टोपली भरणं थांबवलं नाही. म्हणाली, ती नऊ वर्षांची असताना तिला देवी आल्या, तेव्हा गावाबाहेर ताडाच्या झावळ्यांच्या खोपीत ठेवलं होतं. जेवण ठेवून माणूस जायचा. "कोन वाईट नव्हतं वो, मास्तर. पन कोन बोललं नाय माझ्याशी. सतरा दिस. मी मोजले. मी एकटीच बारशाची, लग्नाची, येतील ती गानी म्हनायची. तवा वाटायचं, कुनी नुसतं मागं धरलं असतं तरी बरं वाटलं असतं."

मी खाली बसून बोंबील टोपलीत भरायला लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं, बहुधा माझी अवस्था तिला कळली, कारण तिने विषय बदलला. सोमवारी माकुणसारला एक लग्न होतं. तिथलं बोलावणं तिला आलं होतं आणि मागे बसणाऱ्या दोघींतली एक माहेरी गेली होती.

"शाळंला सुट्टी हाय न?" तिने विचारलं. "मग येता का?"

मी गेलो. केळवे रोडला उतरून वाडीवाडीतून आम्ही तिघं चालत गेलो, काकी, ती दुसरी बाई आणि मी. मांडवातल्या बायकांनी आधी मला नवऱ्याकडचा कुणी पाहुणा समजून खुर्ची दिली. काकीने ती बाजूला सरकवून मला आपल्या मागे चटईवर बसवलं आणि कानाशी वाकून सांगितलं, की इथले लोक चाल जरा सावकाश घेतात, घाई करू नका.